मी पायाळू होते तेव्हा

विजा कडाडायला लागल्या की आमच्या घरात सगळ्यांत आधी मला आत घ्यायचे, आणि मग वाळत घातलेले कपडे. पापड अंगणात भिजले तरी चालतील, पण निर्मला उंबऱ्याबाहेर दिसता कामा नये. कारण मी पायाळू. म्हणजे आईच्या पोटातून डोक्याऐवजी पाय पुढे करून आलेली. अशा माणसावर वीज पडते, अशा माणसाला पुरलेलं धन दिसतं, आणि अशा माणसाने पाय लावला की धरलेली कंबर सुटते, असं आमच्याकडे सगळेच मानत. विजेने माझ्याकडे कधी ढुंकूनही पाहिलं नाही. धन दिसलं असतं तर बँकेत पस्तीस वर्षं खुर्ची झिजवली नसती. राहता राहिली कंबर. तिने मात्र माझं सगळं लहानपण व्यापून टाकलं.

आम्ही जुन्या जालन्यात, मस्तगडला राहायचो. दोन खोल्या आणि पुढे एक ओसरी. अण्णा, म्हणजे माझे वडील, नवीन जालन्यात एका बियाण्याच्या कंपनीत कारकून होते आणि रोज सायकलवर पूल ओलांडून जायचे. गाव आमचं शहागड. तिथं आजोबा शेती करायचे. त्यांना सगळे बापू म्हणत. माझ्या आधी घरात दोन मुली झालेल्या, लता आणि विजू. त्या दोघी आईबरोबर नळावर हंडे भरत असायच्या तेव्हा मी ओसरीवर कुणाच्या तरी पाठीवर पाय ठेवून उभी असायची. त्या मला डॉक्टरीणबाई म्हणायच्या, आणि ते प्रेमाने म्हणत नव्हत्या हे मला कळायचं. पण हंडा उचलण्यापेक्षा पाय उचलणं केव्हाही सोपं, म्हणून मी मनावर घ्यायची नाही.

रीत अशी होती. कंबर धरलेल्या माणसाने ओसरीवरच्या चटईवर पालथं पडायचं. मी डावा पाय तीन वेळा दुखऱ्या जागी लावायचा. पैसे घ्यायचे नाहीत, घेतले तर गुण जातो. आणि थोरामोठ्यांना पाय लागला म्हणून लगेच वाकून नमस्कार करायचा. आधी लाथ, मग नमस्कार. एवढ्या नेमाने वडीलधाऱ्यांच्या पाया पडणारी मुलगी सगळ्या मस्तगडात दुसरी नव्हती. पैसे नाहीत म्हणून लोक मोसंब्या आणायचे, शेंगा आणायचे, गुळाची ढेप आणायचे. मोसंब्यांच्या दिवसांत आमच्या घराला दारातूनच सालीचा वास यायचा. अगदी लहानपणी मला दोन्ही दंडांना धरून माणसाच्या पाठीवर उभं करत, आणि मला गुदगुल्या होऊन मी खिदळत असे. लोकांना तेही शुभ वाटायचं.

एक वाद मात्र कायम होता. काहींचं म्हणणं, जो पाय आधी बाहेर आला तोच लावला पाहिजे. तो डावा की उजवा? माझी थोरली चुलती म्हणायची डावा, शेजारच्या काकू म्हणायच्या उजवा, आणि दोघींपैकी कुणीही तेव्हा त्या खोलीत नव्हतं. आईला विचारलं की ती म्हणायची, "मला तवा कुठं सुद होती?" आणि तव्यावर काही नसलं तरी तवा बघायला आत जायची. आईची स्वतःची कंबर रोज दुखायची. पाणी, धुणं, दोन वेळच्या भाकऱ्या. दुपारी ती दाराच्या चौकटीला पाठ टेकवून कमरेचा डावा भाग लाकडाच्या कडेवर घासत उभी राहायची, डोळे मिटून. धान्याच्या मोंढ्यावरचे हमाल, शाळेतले मास्तर, महामार्गावरचे ट्रकवाले, सगळे माझ्याकडे यायचे. घरातली आई कधी आली नाही. तिला वेळच होत नसेल, असं मला वाटायचं.

मला खरं शिकवलं बाबूमियाँनी. ते मोंढ्यात हमाली करायचे, क्विंटलाचं पोतं पाठीवर घेऊन चालायचे, आणि महिन्यातून एकदा तरी वाकड्या अंगाने आमच्या ओसरीवर यायचे. मी दहाएक वर्षांची असेन. पाय ठेवला तसे ते ओरडले, "अरे बेटी, ऐसा नको! पाठ को पूछ के रख."

"पाठीला कसं विचारायचं, चाचा?"

"सांस देख मेरी. अंदर गई तो ठहर. बाहर आई तो रख. मैं पोता उठाता तो ऐसाच उठाता. सांस रोकी के गया आदमी काम से."

मी त्यांच्या पाठीकडे बघत उभी राहिले. बंडीच्या आत पाठ वर होत होती, खाली होत होती. खाली जाताना पाय ठेवला. पाय आत गेला, जरासाच, पण गेला. तोपर्यंत पाठ म्हणजे मला फळी वाटायची. ती हलते, ती वाट देते किंवा देत नाही, हे त्या दिवशी पायाला कळलं.

दुसरं शिक्षण अण्णांचं. त्यांच्या ऑफिसातले मोठे साहेब कुठल्याशा ध्यानाच्या शिबिराला दहा दिवस जाऊन आले आणि त्यानंतर म्हणे त्यांनी कुणावर फाईल फेकली नाही. अण्णांवर याचा फार परिणाम झाला. त्यांनी साहेबांकडून बसायची पद्धत शिकून घेतली आणि रोज पहाटे आतल्या खोलीत घोंगडी टाकून बसू लागले. आतल्या खोलीत, कारण तिसरी खोलीच नव्हती. एका बाजूला आमची अंथरुणं, दुसऱ्या बाजूला चूल, आणि मध्ये पद्मासनात अण्णा. आम्ही सगळ्या त्यांना वळसा घालून ये-जा करायचो. "श्वास आला, श्वास गेला. बस, येवढंच बघायचं," असं ते सांगायचे, आणि पाच मिनिटांत एक डोळा उघडून ओरडायचे, "अगं, दूध उतू चाललं!"

आई म्हणायची, "तुमी श्वासाकडं बघून राह्यले का दुधाकडं?"

मलाही ते शेजारी बसवायचे. पायाळू आहे, हिचं ध्यान लवकर लागेल, असा त्यांचा हिशोब. मी डोळे मिटले की मला श्वास काही सापडायचा नाही. सापडायचे ते भाकरी थापल्याचे आवाज. थप थप, थप थप, मग थांबणार, मग भाकरी तव्यावर पडल्याचा तो छोटासा चर्र. त्याच्या मागोमाग ज्वारीचा भाजका वास. मी अण्णांना प्रामाणिकपणे सांगितलं. ते विचारात पडले आणि म्हणाले, "चालंल. भाकरी तर भाकरी. पन एकच धर."

आता माझी नात मोबाईलवर ध्यान करते. त्यातून एक बाई हळू आवाजात सांगते की मागे ऐकू येणाऱ्या आवाजांना येऊ द्या, जाऊ द्या. मग पाण्याचा आवाज लावते. मी नातीला म्हटलं, ह्यात भाकरीचा आवाज आहे का बघ. तिने खरंच शोधला. नव्हता.

तर बाबूमियाँचा श्वास आणि अण्णांची भाकरी, या दोन्हींची माझ्यात कधीतरी सरमिसळ झाली. तीन वेळा पाय लावायचं दोन मिनिटांचं काम मी पंधरा पंधरा मिनिटं करू लागले. आधी नुसती बसायची. पालथ्या माणसाचा श्वास कुठं अडतोय ते बघायची. मग अंगठ्यांनी कण्याच्या दोन्ही बाजूंनी चाचपत जायची. कुठं गाठ लागते, कुठं माणूस दम धरतो. मग उभी राहून पाय, श्वास सुटताना. तेवढ्या वेळात डोक्यात काही नसायचं. शाळा नाही, लताचे टोमणे नाहीत. कुणाच्या पायाला मुंग्या येत असल्या तर मी हात लावायची नाही, सरळ दवाखान्यात धाडायची. हे मला कुणी शिकवलेलं नव्हतं. भीती वाटायची म्हणून. लोक म्हणायचे, पायाळूचा गुण वाढत चालला. मलाही तसंच वाटायचं. दोन मुलींवर तिसरी झालेल्या मुलीला घरात स्वतःची अशी एक जागा असणं किती सुखाचं असतं, हे तिसरी न झालेल्यांना कळायचं नाही. आणि मी ऐकून होते, मी झाले तेव्हा शहागडला बापूंनी थाळी वाजवायला लावली होती. मुलगा झाल्यावर वाजवतात ती. लतासाठी वाजली नाही, विजूसाठी वाजली नाही. माझ्यासाठी वाजली.

मी सोळा वर्षांची असताना चंद्राबाई आमच्याकडे आल्या. शहागडच्या सुईणबाई. गावातली निम्मी माणसं त्यांच्या हातून जगात आलेली, मीसुद्धा. त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू झाला होता आणि जालन्याला दवाखान्यात दाखवायचं होतं म्हणून दोन दिवस मुक्काम. दात सगळे गेलेले, पण बोलणं खणखणीत. सकाळी ओसरीवर तीन माणसं आपापली कंबर धरून बसलेली पाहिली आणि त्या आईला म्हणाल्या, "अगं, हे अजून चालूच हाय का?" आई हंडा घेऊन नळावर गेली.

माणसं गेल्यावर मी चंद्राबाईंचे पाय चोळत बसले होते. माझ्या मनात आलं, सगळ्या जगात ही एकच बाई आहे जी तो वाद मिटवू शकेल.

"मावशी, एक विचारू? माझा कोनता पाय आधी आल्ता? डावा का उजवा?"

"पाय?"

"हां. लोक लई भांडतेत त्याच्यावरून."

चंद्राबाई हसायला लागल्या. दात नसलेलं माणूस हसायला लागलं की थांबायला वेळ लागतो. मग पदराने डोळे पुसून म्हणाल्या, "कुठला पाय गं? तू डोक्यानं आल्तीस. बराबर, सरळ, जल्दी. येवढं काळंभोर जावळ. तुज्या आईला बिलकुल तरास झाला न्हाई."

मला वाटलं डोळ्यांबरोबर म्हातारीचं डोकंही गेलं. "मंग पायाळू?"

"ते मी म्हनलं." आणि त्यांनी पाय पुढे करून, इथं चोळ म्हणून दाखवत, सगळं सांगितलं. "बाहीर तुजा आजा कंबर धरून पडल्ता. तीन दिस झाल्ते. तुजी चुलती थाळी घेऊन हुभी, पोरगं झालं की वाजवायला. आधीच्या दोन पोरी. आन आत तू. तुज्या आईनं माज्याकडं पाह्यलं. बोलली काई न्हाई. नुस्तं पाह्यलं. मंग मी दारात गेले अन म्हनलं, पोरगी हाय, पन पायाळू हाय! तुजा आजा पडल्या जागी वरडला, वाजवा थाळी!"

"अन बापूंची कंबर सुटली ती?"

"पाचव्या दिशी तुजं येवढंसं पाऊल लावलं अन उठला की गडी. आता तीन अन पाच, आठ दिसांत कंबर आपल्या आपन बी सुटती. पन ते सांगनार कोन?" त्या पुन्हा हसल्या. "तुज्या आईला त्या बाळंतपनात पहिल्यांदा डिंकाचे लाडू भेटले. तूप घालून. कुनाला म्हनू नको बरं."

सोळाव्या वर्षी माणसाला गंमत कळत नाही. आज हे लिहिताना मला चंद्राबाईंच्या हजरजबाबीपणापुढे हात जोडावेसे वाटतात. पण त्या दिवशी मी न्हाणीघरात जाऊन रडले. ती थाळी माझ्यासाठी वाजली नव्हती. बापूंच्या कमरेसाठी वाजली होती. आणि आईला हे सोळा वर्षं माहीत होतं. म्हणून ती चौकटीला पाठ घासत उभी राहायची आणि माझ्याकडे यायची नाही. खोट्या औषधाची बाटली जिने भरली, ती स्वतः ते कशाला पिणार?

दुसऱ्या दिवसापासून मी पायात काटा रुतल्याचं सांगायला सुरुवात केली. जो येईल त्याला तेच. लोक हळहळून जायचे. आई माझ्याकडे बघायची आणि काही विचारायची नाही. चौथ्या दिवशी बाबूमियाँ आले. अंग एका बाजूला कललेलं, एक हात कमरेवर. मी काट्याचं सांगितलं. ते हळूहळू पायरीवर टेकले, खिशातून सुई काढली. पोती शिवायची असते ती नाही, साधी बारीक. डोळ्यांजवळ धरून बघितली आणि हात पुढे केला. "दिखा बेटी. मैं निकालता. मेरी कमर का क्या, वो तो रोज की है." मी पाय मागे घेतला आणि आत पळाले. त्यांना पायरीवरून उठायला किती वेळ लागला ते मी खिडकीतून बघत होते. इतकी लाज मला पुढे आयुष्यात फार क्वचित वाटली.

त्याच आठवड्यात अण्णांचं शिबिर होतं. तीन वर्षं साहेबांच्या मागे लागून त्यांना एकदाची दहा दिवसांची रजा मिळाली होती. निघायच्या दिवशी आईने सकाळी सुशीला केलं होतं, कुरमुऱ्यांचं, वरून शेंगदाण्याचं कूट, आणि वाटेत खायला भाकऱ्या थापत होती. अण्णा ध्यानाची घोंगडी वळकटीत बांधत होते. गुडघा दाबून दोरीला शेवटचा हिसका दिला आणि तसेच "आई गं!" म्हणून आडवे झाले. आम्ही धावलो. त्यांना ना उठता येईना, ना वळता येईना. कसंबसं पालथं केलं.

"निर्मे, लाव बाई पाय."

"अण्णा, माझ्या पायात काटा..."

"चार दिसांपासून काटा काटा ऐकून राह्यलो. लाव जल्दी. गाडी जाईल माझी."

मी उभीच राहिले. अण्णांनी कधी माझ्याकडून पाय लावून घेतला नव्हता, वेळच आली नव्हती. तीन वर्षांची वाट आणि माझा खोटा पाय. मला ते सहन होईना आणि तोंडातून निघून गेलं, "अण्णा, मी पायाळू न्हाई. मी डोक्यानं आल्ते."

चुलीजवळची थपथप थांबली.

"कोन म्हनलं?" अण्णांनी विचारलं. त्यांना मान वळवता येत नव्हती, त्यामुळे एवढं गंभीर बोलणं ते जमिनीशीच करत होते.

"चंद्राबाई."

"काय गं?" हे आईला.

मग करपल्याचा वास आला. माझ्या आठवणीत आईची तेवढीच एक भाकरी करपली. "खरं हाय," ती म्हणाली. तव्याकडे बघूनच. "पोरगी पाह्यली की कुनी तोंड वाकडं करू नये म्हनून. येवढंच."

मग अण्णांची पाठ हलायला लागली. मला वाटलं रडतायत. ते हसत होते. "म्हंजे बापूंनी मरेस्तोवर साऱ्या शहागडला... आई गं! हसवू नका गं मला, कळ येती!" विजूला हसू फुटलं, लताला फुटलं. मी मात्र रडत होते.

अण्णांचं हसणं कण्हत कण्हत थांबलं. "मंग आता कसं करायचं? माझी कंबर तर खरीच धरली ना?"

"मला नाही जमायचं, अण्णा."

"बाबूमियाँची कंबर मंग कोन सोडवून राह्यलं होतं? चंद्राबाई?" ते जमिनीला म्हणाले. "निर्मे, मी तीन साल झाले श्वासाकडं बघतो. मला काय मोक्ष भेटला का? दूध बी बघतो, श्वास बी बघतो. तरी सकाळी बसतो ना. पायाळू नसशील तर नसशील. तुला जेवढं येतं तेवढं कर."

मी त्यांच्याजवळ बसले. हुंदके येत होते, म्हणून आधी ते संपायची वाट पाहिली. मग त्यांची पाठ बघितली. श्वास वरच्या वर अडकत होता. "अण्णा, पहाटे बघता तसा बघा," मी म्हणाले. "अडला तर अडू द्या." मग अंगठे कण्याच्या बाजूंनी खाली नेले. डाव्या अंगाला सुपारीएवढी गाठ होती. तिच्यावर जोर दिला नाही. नुसता तळहात ठेवून बसले. चुलीजवळ पुन्हा थपथप सुरू झाली होती, मी ती धरली. किती वेळ गेला माहीत नाही. कधीतरी अण्णांचा श्वास खाली कमरेपर्यंत उतरला, आणि तो बाहेर जाताना मी उठून पाय ठेवला. माझा, साधा, डोक्याने जन्मलेल्या मुलीचा पाय. गाठ सुटली नाही. थोडी मऊ झाली. पण ते कुशीवर वळले.

गाडी गेलीच. चमत्कार झाला असता तर मी तो नक्की सांगितला असता, पण अण्णा पुढचे चार दिवस अंथरुणातच होते. पाचव्या दिवशी भिंतीला टेकून बसले. रोज सकाळ-संध्याकाळ मी त्यांच्याजवळ बसायची. रजा मिळालीच आहे तर शिबिर घरीच करू म्हणून त्यांनी तिथले नियम लावून घेतले, मौनसुद्धा. काही हवं असलं तर पाटीवर लिहायचे. पहिल्या दिवशी लिहिलं, "वरणात मीठ कमी." आईने पाटी पुसून कपाटावर ठेवून दिली. लग्नानंतरचे सगळ्यांत चांगले दहा दिवस म्हणून ती पुढे कितीतरी वर्षं ते दिवस सांगायची. आठव्या दिवशी सकाळी अण्णा डोळे मिटून पडलेले असताना शेजारीच दूध उतू गेलं, चुलीवर सांडलं, धूर झाला, आणि त्यांनी डोळा उघडला नाही. आई पातेलं उतरवत म्हणाली, "आता लागलं म्हनायचं ध्यान."

त्या दहा दिवसांतच बाबूमियाँ पुन्हा आले. मी त्यांना पायरीवर बसवून सगळं सांगितलं, थाळीपासून लाडवापर्यंत. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"बस? येइच काँटा था?"

"हां, चाचा."

"निकल गया ना?" म्हणाले, आणि बंडी वर सारून चटईवर पालथे झाले.

हे सगळं माझ्या योगवर्गातल्या बायकांना मी कधी सांगितलेलं नाही. नवीन जालन्यात एका सभागृहात आम्ही साठीच्या पुढच्या पंधरा-वीस जणी जातो. शिकवणारी मुलगी गोड आहे. ती माईकवरून सांगते, शरीराचं ऐका, शरीर बोलतं. मला दर वेळी बंडीतली ती घामेजलेली पाठ आठवते. कुणाचं तरी ऐकायला मी त्या पाठीपाशी शिकले, आणि पायाळूपण खोटं ठरल्यावर जास्त नीट शिकले. गुण आपला आहे असं वाटत होतं तोवर माझं निम्मं लक्ष स्वतःच्या पायाकडे असायचं.

अण्णा अकराव्या दिवशी कामावर गेले. सायकलवर नाही, शेजाऱ्यांच्या मोटारसायकलीवर मागे बसून. दुपारी लता आणि विजू शिवणाच्या वर्गाला गेल्या होत्या. मी ओसरीवर पुस्तक घेऊन बसले होते. या दहा दिवसांत आई त्या विषयावर माझ्याशी एक अक्षर बोललेली नव्हती, आणि मीही विचारलं नव्हतं. भांडी घासण्याचा आवाज थांबला. मला वाटलं, आता ती चौकटीशी जाऊन उभी राहील. ती बाहेर आली, पदराला हात पुसले, पुढचं दार लोटून घेतलं. चटई ओढून मधोमध टाकली आणि तिच्यावर पालथी झाली. सोळा वर्षांत पहिल्यांदा मी आईची पाठ एवढ्या जवळून बघत होते. पोलक्याला खांद्यावर ठिगळ होतं, तेही मी पहिल्यांदाच पाहिलं.

"डाव्या अंगाला," ती म्हणाली.

मी तिच्याजवळ बसले. हात ठेवला. पाय लावायचं धैर्य होईना, ती आई होती आणि तिला सगळं माहीत होतं. मी अंगठ्यांनीच चाचपायला लागले.

"हातानं नगं," आई चटईत तोंड खुपसून म्हणाली. "पाय लाव."

"आई, अगं पन मी..."

"मला ठावं हाय तू कशी आल्तीस. मीच व्हते तिथं. लाव पाय."

मी उठून उभी राहिले. तिचा श्वास आत गेला, मी थांबले. बाहेर आला, तेव्हा पाय ठेवला.